साळवे सरांनी चष्मा काढला

साळवे सर गेले तेव्हा त्यांच्या शवपेटीला खांदा द्यायला आमच्या गावातल्या पोरांत चक्क ढकलाढकली झाली. पुढे घुसणाऱ्यांतल्या निम्म्यांची लग्नं सरांनी मोडली होती. एकेकाचं एकदा, दिलीपचं दोनदा. दिलीपने तर पुढची उजवी बाजू कबरस्तान येईपर्यंत कोणाला दिली नाही. ऊन मी म्हणत होतं, घामाने शर्ट अंगाला चिकटला होता, पण हा हटायला तयार नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "आरं दिल्या, आमाला बी सर हुते की." तेव्हा तो मान न वळवता म्हणाला, "माझी दोन मोडल्यात. तुझं एकच." अशा वेळी हसू नये हे आम्हाला कळत होतं, तरी हसलो.

गावाचं नाव मी सांगणार नाही. नेवासा तालुक्यात आहे, एवढं पुरे. गावात अजून बरीच पोरं लग्नाची आहेत, दिलीप धरून, आणि हे छापलेलं कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्हाला पाचवी ते सातवी होते. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट विजारीबाहेर सोडलेला, खिशाला एक निळं आणि एक तांबडं पेन. रविवारी चर्चमध्ये हार्मोनियम वाजवायचे आणि सोमवारी त्याच बोटांनी आमचे कान पिळायचे. उभा जन्म गावात काढला, पण तोंडी भाषा पुस्तकातली. कुत्र्याला हाकलतानासुद्धा "अरे, जा बघू इथून" म्हणायचे, आणि कुत्रं बहुधा जायचं नाही.

खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. नीतीबिती राहू द्या, एखाद्याला जशी शिट्टी वाजवता येत नाही, तसं ते त्यांना यायचंच नाही. कोणी जेवायला बोलावून "सर, भाजी कशी झालीय?" असं विचारलं, की सर म्हणायचे, "खारट आहे. पण गरम आहे." त्यातलं 'गरम आहे' हे ते अगदी मनापासून, समोरच्याला बरं वाटावं म्हणून शोधून काढायचे. म्हणून त्यांचा राग यायचा नाही. म्हणजे यायचा, पण धरून ठेवता यायचा नाही.

बाकीचे मास्तर प्रगतिपुस्तकावर 'प्रगती समाधानकारक' असा शेरा डोळे झाकून मारायचे. सर एकेकाचा विचार करत बसायचे. एका पोराला त्यांनी लिहिलं होतं, 'अक्षर मोत्यासारखं. उत्तरं शेजाऱ्याची.' दुसऱ्या एकाला नुसतंच, 'शाळेत येतो.' त्याचा बाप खूश होऊन पेढे घेऊन आला, कारण पोरगं शाळेत जातं यावर त्याचा तोवर विश्वासच नव्हता. माझ्या पुस्तकावर होतं, 'याच्याकडून काही होईल असं वाटत नाही, पण काही बिघडणारही नाही.' आईने ते वाचून डोळ्याला पदर लावला होता.

हे सगळं शाळेत ठीक होतं. भानगड झाली ती आम्ही मोठे झाल्यावर.

आमच्याकडे मुलगी द्यायची म्हणजे मुलीकडचे आधी गुपचूप मुलाच्या गावात येऊन चौकशी करतात. टपरीवर चहा पितात, कटिंगच्या दुकानात गरज नसताना दाढी करून घेतात, आणि बोलता बोलता पोराचा विषय काढतात. आता गावात खरं कोण सांगणार? भावकी असेल तर मोडता घालणार, दोस्त असेल तर हरभऱ्याच्या झाडावर चढवणार. पाहुण्यांनाही हे माहीत असतं, कारण त्यांच्या गावातही तेच चालतं. मग कुठून कशी कुणास ठाऊक, आसपासच्या गावांत बातमी पसरली की तिथे एक रिटायर मास्तर आहेत, पोराचं पाचवीपासूनचं सांगतात, आणि खोटं बोलत नाहीत. झालं. पाहुणे एसटीतून उतरले की सरळ सरांचा ओटा गाठू लागले.

सरांची पद्धत ठरलेली. आधी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, पाणी आणायला सांगायचे. मग पोराच्या चांगल्या गोष्टी सांगायचे, आणि त्याही खऱ्या. निर्व्यसनी आहे, आईला धरून आहे, कष्टाळू आहे. पाहुण्यांचे चेहरे फुलायचे. मग सर चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायला लागायचे आणि म्हणायचे, "खरं सांगू?" या दोन शब्दांना गाव टरकून असायचं. समोरच्या घराच्या खिडकीत ज्या पोराचं स्थळ असेल त्याची आई उभी असायची, आणि सरांचा हात चष्म्याकडे गेला की ती मटकन खाली बसायची.

दिलीपचं पहिलं स्थळ असंच गेलं. सर म्हणाले, "मुलगा गुणी आहे. पण सातवीत दुसऱ्यांचे डबे खायचा. स्वतःचा आधी संपवायचा, मग इतरांचे. एकदा माझाही." मुलीचा बाप उठलाच. बाहेर येऊन टपरीवर म्हणाला, "आमच्या पोरीनं काय उपाशी ऱ्हायाचं व्हय?" दिलीप तेव्हा तिशीचा बाप्या होता, आणि डबे खाल्लेले वीसेक वर्षांपूर्वीचे. पण सरांच्या डोक्यात प्रत्येक जण सातवीतच थांबलेला असायचा. सरपंचालासुद्धा ते रस्त्यात अडवून म्हणायचे, "नाक पूस आधी."

दुसऱ्या वेळी सरांनी चांगलं सांगायचं अगदी मनावर घेतलं. म्हणाले, "आता डबे खात नसावा. त्याचा तो काळ गेला. पण उत्तर येत नसलं की चक्कर आल्याचं सोंग करायचा. काय हुबेहूब करायचा! मी दोनदा पाणी मारलं आहे." त्यांना खरोखर त्या अभिनयाचं कौतुक होतं. पाहुणे घरी पोचेपर्यंत त्यातलं सोंग वाटेत गळून पडलं आणि नुसती चक्कर उरली. पोराला फिट येते, असा निरोप येऊन सोयरीक मोडली. दिलीप सरांकडे तावातावाने गेला, तर सर म्हणाले, "मी तर तुझी स्तुती केली रे." आणि त्याला जेवू घालूनच पाठवलं. काकूंनी वाढताना भाकरी जास्त टाकल्या होत्या, हे त्यानेच मला सांगितलं.

माझं स्थळ मात्र सरांमुळेच जमलं. सरांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना तोच जुना शेरा तोंडपाठ म्हणून दाखवला. सासरे म्हणाले, "बास. मला असाच पायजे हुता. मोठ्या जावयानं लई काय काय केलंय." आज मी शहरात, सावेडीत फ्लॅट घेऊन राहतो, आणि घरात माझ्या हातून एखादं काम राहिलं की बायको तो शेरा पूर्ण म्हणून दाखवते.

पोरांनी मग बंदोबस्त करायला सुरुवात केली. पाहुणे येणार असं कळलं की कोणीतरी सरांना मोटरसायकलवर बसवून शेत दाखवायला न्यायचं. सर आनंदाने जायचे. एकदा वेळ मिळाला नाही, तेव्हा कोणीतरी पाहुण्यांना सांगून टाकलं की सरांना आता ऐकू येत नाही. पाहुणेही हट्टी. ते ओट्यावर जाऊन सरांच्या कानापाशी ओरडले, "पोरगं कसं हाय वो?" सरांना वाटलं पाहुण्यांनाच ऐकू येत नाही. त्यांनीही वर्गातला आवाज काढून उत्तर दिलं. त्या दिवशी ते अख्ख्या आळीने ऐकलं, आणि एरवी फक्त पाहुण्यांना कळलं असतं ते सगळ्यांना कळलं.

आता अमोलबद्दल सांगायला हवं. अमोल म्हणजे सरांचा एकुलता एक मुलगा, आमच्याच वर्गात. मास्तरच्या पोराला मास्तर झुकतं माप देतो असं कोणी म्हणू नये, म्हणून सर वर्गात त्याला ओळखच दाखवायचे नाहीत. हजेरीत "साळवे अमोल दाविद" असं पुकारायचे, जणू हे आडनाव त्यांनी प्रथमच वाचलंय. अमोलला 'सर' म्हणायची इतकी सवय लागली की घरीही तोच शब्द. आम्ही एकदा अंगणात गोट्या खेळत होतो, तेव्हा तो दारातून ओरडला, "सर, मम्मीनं ताट वाढलंय." आम्ही हसून लोळलो. सर गंभीरपणे "आलो" म्हणाले आणि आत गेले.

सहावीत आमची सहल खर्ड्याला किल्ला बघायला गेली होती. परत निघताना सरांनी एसटीत डोकी मोजली, बरोबर भरली, गाडी सुटली. जामखेडच्या अलीकडे दिलीप म्हणाला, "सर, अमोल कुठंय?" सर म्हणाले, "गणती बरोबर आहे." दोनदा विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण गणतीत स्वतःच्या मुलाला धरलंच नव्हतं. गाडी वळवली. अमोल किल्ल्याच्या दरवाजात पायरीवर बसून शेंगा खात होता. आम्हाला बघून उठला आणि म्हणाला, "सर, उशीर झाला का?" उशीर नेमका कोणाला झाला असं त्याला वाटलं, देव जाणे. काकूंना हे कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "गावाची समदी पोरं आणली, आणि माझं तेवढं ठिवून आलात." सर त्या दिवशी जेवले नाहीत, असं अमोल दुसऱ्या दिवशी सांगत होता. पण वर्गात त्याला "साळवे अमोल दाविद" म्हणूनच पुकारलं.

पुढे अमोलने गावातच मोटर वायंडिंगचं दुकान टाकलं. शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटरी नव्या तारेने भरून द्यायच्या. हाताला गुण होता, पण लग्न जमत नव्हतं. आणि एका शनिवारी त्याला बघायला राहुरीचे पाहुणे आले. मी आईची औषधं द्यायला गावी आलो होतो, म्हणून हे सगळं मला बघायला मिळालं. मुलगी दवाखान्यात नर्स, घरचे चांगले, दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं. अमोलने तर आठवडाभर आधी नवा शर्ट इस्त्री करून टांगून ठेवला होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "काय म्हणतील रे?" असं विचारून भंडावून सोडलं होतं. अडलं होतं फक्त मुलीच्या वडिलांच्या होकारावर. त्यांनी सरांच्या घरी चहापाणी घेतलं आणि म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो." पाय मोकळे करणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

टपरीवर आधीच सभा भरली होती. सरांनी ज्यांची ज्यांची मोडली, ते सगळे हजर. एकजण हात चोळत म्हणाला, "आज घावलं सर. आता आपुन बी खरं सांगू." दोघातिघांनी माना हलवल्या. दिलीपने रिकामा कप बाकावर ठेवला. मग म्हणाला, "सरांस्नी काय फरक पडतोय? ते म्हनतील, खरं ते झालं. मोडंल ते अमोलचं. त्यानं काय वाकडं केलंय आपलं?" हात चोळणाऱ्याने हात खिशात घातले. ठरलं, की सगळ्यांनी अमोलचं चांगलंच सांगायचं. आमच्या गावाला खोटं बोलायची सवय नाही अशातला भाग नाही, पण सगळ्यांनी मिळून एकच खोटं बोलायची ती पहिलीच वेळ होती.

पाहुणे, म्हणजे मुलीचे वडील, आले आणि बाकावर बसले.

"अमोलला काय व्यसन?"

"न्हाई," सगळे एकदम म्हणाले.

"तंबाखू?"

"न्हाई."

"रागबिग?"

"त्यो काय असतो, ते बी ठावं न्हाई त्याला," कटिंगवाला म्हणाला.

"भांडान? उधारी? जागरान?"

"न्हाई, न्हाई, न्हाई."

दिलीप आता रंगात आला होता. पाहुण्यांनी विचारलंही नव्हतं, तरी तो पुढे होऊन म्हणाला, "पाव्हणं, आवो ते पोरगं च्या सुदिक पीत न्हाई!"

पाहुण्यांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "आत्ता माझ्यासंगं दोन कप प्यालाय," ते म्हणाले.

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. पाहुणे उठले. "गावच्या गाव एका सुरात बोलतंय म्हंजे कायतरी लपवताय तुमी. एवढं सोन्यासारखं पोरगं, मग आजून बिनलग्नाचं कसं? मी आता मास्तरांनाच इचारतो." आणि ते तरातरा सरांच्या घराकडे निघाले. आम्ही सगळे मागोमाग. दिलीप वाटेत स्वतःच्या तोंडात मारून घेत होता.

अमोल घरी नव्हता. कोणाची तरी मोटर जळाली म्हणून फोन आला, आणि स्वतःची सोयरीक चालू असताना हा बहाद्दर पान्हे घेऊन त्याच नव्या शर्टात निघून गेला होता. सर ओट्यावर बसले होते, काकू दारात. पाहुणे उभ्यानेच म्हणाले, "सर, आजूबाजूची गावं तुमच्या शब्दावर पोरी देत्यात. बाप म्हनून ऱ्हाऊ द्या. मास्तर म्हनून सांगा. पोरगं कसं हाय?"

सरांनी चष्मा काढला. काकूंनी डोळे मिटले, त्यांचे ओठ प्रार्थनेत हलायला लागले. आम्ही अंगणात एका रांगेत उभे होतो, गृहपाठ न केल्यावर राहायचो तसेच.

"खरं सांगू?" सर म्हणाले.

"त्याच्यासाठीच आलोय."

सर चष्मा पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले. मग म्हणाले, "मला माहीत नाही."

"म्हंजे?"

"माझ्या वर्गात तीन वर्षं होता. पण मी त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. लोक पक्षपात म्हणतील म्हणून. या सगळ्यांचं विचारा. हा दिलीप कुठल्या प्रश्नाला काय करेल हे मी झोपेतून उठून सांगेन. अमोलचं मला सांगता येत नाही."

"आवो, पर घरी?"

"घरी तो मला सर म्हणतो."

इतकी वर्षं आम्ही ज्यावर हसलो होतो ते असं समोर येईल असं वाटलं नव्हतं. काकूंनी डोळे उघडले. पाहुण्यांनी बाजेवर ठेवलेली पिशवी उचलली. "पोटच्या पोराचं म्हाईत न्हाई, मग मी पोरगी कशाच्या भरवशावर देऊ?" असं म्हणून ते पायरी उतरायला लागले.

तेव्हा दिलीप आडवा झाला. "पाव्हणं, थांबा. मगाशी बोललो ते समदं खोटं हाय."

"ते कळलं मला."

"आता खरं सांगतो. च्या पितो. दिसभर पितो, पानी कमी पितो. रागबी येतो. पान्हा जाग्यावर घावला न्हाई की शिव्या देतो, पन मोटरला, मानसाला न्हाई. त्याला कुनाला न्हाई म्हनता येत न्हाई, आत्ता बी बघा, सोयरीक सोडून मोटर सोडवाया गेलाय. आन घोरतो. कुटंबी, बसल्या बसल्या. शाळेत तर हात वर करून झोपायचा."

"हात वर करून?"

"व्हय. सर प्रश्न इचारायचे, ह्यो हात वर करायचा. सर ह्याला कवाच इचारायचे न्हाईत, पन ह्यो काय हात खाली घ्यायचा न्हाई. भरून आला की दुसऱ्या हातानं धरायचा. आन मंग तसाच..." दिलीपने ओट्याच्या कडेवर कोपर टेकलं, हात ताठ वर केला, डोकं खाली टाकलं आणि असा घोरला की शेजारची म्हैस बघायला लागली. सोंग करण्यात तो पहिल्यापासून पटाईतच. पाहुणे हसता हसता पायरीवर बसले. "आत्ता कसं!" डोळे पुसत ते म्हणाले, "आत्ता कुटं मानसाविषयी बोललास." आणि काकूंकडे वळून, "टाका वयनी आजून एक च्या. साखरपुड्याचं बोलू."

सगळं ठरलं, चहा झाला, पाहुणे गेले. काकू आत जाऊन रडल्या आणि बाहेर येऊन सगळ्यांना नाताळातल्यासारखं खायला देत सुटल्या. फक्त सर हसले नव्हते. ते ओट्यावर तसेच बसून होते. पोरं पांगायला लागली तसं त्यांनी दिलीपला हाक मारली.

"कुठल्या बाकावर बसायचा रे तो?"

"खिडकीकडंला, सर. माझ्या म्हागं."

"उत्तर यायचं त्याला?"

दिलीपने विचार केला. "कवा बरुबर, कवा चूक. पन हात वर असायचा."

सर ओट्यावर थोडे सरकले आणि बाजूला जागा केली. "बस."

"सर, म्हशी सोडायच्या हाईत..."

"बस म्हणतो ना. पाचवीपासून सांग."

दिलीप बसला. मीही सावेडीला निघणार होतो, तो निघालो नाही. दिलीपने घसा खाकरला आणि पाचवीच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. सर मांडीवर हात ठेवून ऐकत होते. मध्येच "मग?" म्हणत होते, "आणि मी काय म्हणालो?" म्हणत होते. दिवे लागायच्या सुमारास अमोल कोपरापर्यंत काळे हात घेऊन परत आला, तेव्हा सहावी नुकतीच सुरू झाली होती.